तुझ्या नावाचं किश

शनिवार पेठ, पुणे
९ फेब्रुवारी

कादंबरी,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग कागद बदलला. हे पत्र तुझ्या वकिलांच्या हाती गेलंच, तर त्यांनी त्या एका शब्दावर अडून बसायला नको. माझा फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून पोस्टाने लिहितोय. विश्रांतवाडीला तुझ्या आईच्या पत्त्यावर टपाल अजून येत असावं.

आपल्या दोघांबद्दल यात काही नाही. त्या हॉटेलच्या नोकरीचं तर मुळीच नाही. मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठी केलं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि तू तेव्हाही ऐकलं नव्हतंस. हे पत्र अप्पांबद्दल आहे.

अप्पांचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून तीनदा सकाळी रिक्षाने सेंटरवर नेतो, दुपारी परत आणतो. पहिल्या दिवशी त्यांनी त्या मशीनचीही तपासणी केली. सगळा जन्म बँकेत तपासनीस म्हणून घालवलेला माणूस, त्यामुळे ही नळी कुठून आली, हा आकडा कसला, नोंद कोण करतं, सगळं विचारून झालं. तिथली मुलं हसायची. आता अप्पा काही विचारत नाहीत, डोळे मिटून पडून राहतात.

त्यांचं खाणं सुटलंय. तोंडात सारखी लोखंडाची चव असते म्हणतात. त्यात पथ्य असं की टोमॅटो नको, पालक नको, बटाटा नको, लोणचं-पापड तर नावालाही नको, मीठ चिमटीभर. जी भाजी चालते तीसुद्धा चिरून पाण्यात भिजत घालायची, मग उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. त्याने भाजीतलं पोटॅशियम जातं आणि बरोबर भाजीही जाते. उरतं ते मी त्यांच्या ताटात वाढतो, आणि ते तसंच परत येतं.

परवा मी वैतागून म्हणालो, अप्पा, तुम्हाला खावंसं काय वाटतं ते तरी एकदा सांगा. मग म्हणाले, "कादंबरी करायची ते फ्रेंच पिठलं."

किश हा शब्द त्यांनी कधीच उच्चारला नाही, आठवतं ना तुला? तू पहिल्यांदा केलंस तेव्हा म्हणाले होते, पिठलं ताटलीत बसवलं की त्याचं फ्रान्स होतं काय. असं म्हणून दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. क्लासला येणाऱ्या बायकांना तू अंड्याचं शिकवायचीस, पण अप्पांचं बिनअंड्याचं, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने. अप्पांनी एकदाही विचारलं नाही की नक्की घातलं नाहीस ना. आयुष्यात त्यांनी न तपासता घेतलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

मला त्याची कृती हवी आहे. बेसन असतं एवढं पिठल्यावरून कळतं, पुढचं काही कळत नाही. अंड्याच्या जागी आणखी काय घालायचीस? खालची पारी कशाची? तू ओव्हन नेलास, ती नक्षीच्या कडेची ताटली नेलीस, ते बरोबरच केलंस, वस्तू तुझ्याच होत्या. पण कृती तुझ्या डोक्यात होती, तीही गेली. चार ओळी लिहून पाठव. खाली नाव नसलं तरी चालेल.

केदार


शनिवार पेठ
२ मार्च

कादंबरी,

उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष द्यायची सोय आहे, ती सध्या वापरतो आहे.

तुझ्यावाचून करून पाहिलं. इंटरनेटवर शोधलं तर पहिल्या ओळीत चार अंडी, दुसऱ्या ओळीत क्रीम, तिसऱ्यात किसलेलं चीज. अंडं अप्पांना नको, क्रीम आणि चीज डॉक्टरांना नको. म्हणजे किशमधून किश वजा करून जे उरेल ते मला करायचं होतं.

मैद्याचं मात्र नवल वाटलं. ज्या मैद्याला आपल्या घरात जन्मभर नावं ठेवली, तो या आजारात कणकेपेक्षा बरा असतो म्हणे. बाजारच्या बटरमध्ये मीठ, म्हणून वरच्या मजल्यावरच्या शालनकाकूंकडून घरचं लोणी मागून आणलं. ते हातातच वितळायला लागलं. पीठ फ्रीजमध्ये टाकून, बाहेर काढून, करंजीची पारी लाटतात तसं लाटलं आणि ढोकळ्याच्या थाळीत बसवलं. भाजायला शालनकाकूंचाच तो जुना अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काच असलेला. पारी फुगून वर आली तेव्हा मला आठवलं, की तू भाजताना तिच्यावर कागद घालून राजमा पसरायचीस. त्या राजम्यावरून मी तुला किती चिडवायचो.

सारणात क्रीमच्या जागी टांगलेलं दही, चीजच्या जागी घरी फाडलेल्या दुधाचं जरासं पनीर, मिठाच्या जागी मिरपूड आणि जायफळ. कोबी, सिमला मिरची, दुधी, तिन्ही उकळून पंच्यात पिळून घेतलं. पहिल्या वेळी बेसन कच्चं राहिलं, दुसऱ्यांदा सगळं सैल होऊन खाली पाझरलं. तिसऱ्या खेपेला काहीतरी जमलं, पण सुरी लावताच खचलं.

हे सगळं अप्पा सेंटरवर असताना चालतं. त्यांना मशीनला लावलं की मी घरी येतो, करतो, ओटा धुतो आणि त्यांना आणायला जातो. उरलेलं किश झाकायला हाताला डबा आला तो तुझ्या आईचा, झाकणावर 'पद्मजा' असं नाव कोरलेला. तुझ्या डब्यांतून तो एकटाच इथे राहिला होता. अप्पा आले, टेबलाशी बसले, आणि झाकणावर बोट फिरवत म्हणाले, "कादंबरीने पाठवलं?"

मी हो म्हणालो. ज्या आवाजात त्यांनी विचारलं, त्यावर मला नाही म्हणता आलं नाही. तुला राग आला तर येऊ दे. त्यांनी बशीभर खाल्लं. किती दिवसांनी बशी रिकामी झाली. मग तोंड पुसून म्हणाले, बिघडलंय जरा, घाईत केलेलं दिसतं. तुझ्या वतीने मी ते ऐकून घेतलं.

उद्या कधी बोलणं झालंच, तर मला उघडं पाडू नकोस. एवढंच मागतो.

केदार


शनिवार पेठ
२३ मार्च

कादंबरी,

तुझा डबा आता दर दोन दिवसांनी येतो. म्हणजे मी तो बाहेर घेऊन जातो आणि बाहेरून घेऊन येतो. अप्पा विचारतात, ती बरी आहे ना? मी सांगतो, बरी आहे. ते विचारतात, वर आली नाही? मी सांगतो, क्लास होता. तुझं रोजचं वेळापत्रक इतकं तपशीलवार मला आपण एकत्र राहत होतो तेव्हाही ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट सांगायची आहे. त्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, फार खाली गेलंय. सेंटरवरच्या आहाराच्या बाईंनी, म्हणजे मुलगीच आहे ती, अप्पांना तोंडावरच सांगितलं की आजोबा, रोज दोन अंड्यांतला पांढरा भाग घ्या, याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. अप्पा तिला म्हणाले, "बाळ, तू तुझं काम चोख केलंस. आता एवढं सोडून बाकीचं सांग."

रिक्षात मी विषय काढला. चिडले नाहीत. म्हणाले, जे खातात त्यांना मी कमी लेखत नाही, तू बाहेर खातोस ते मला कळतं आणि मी त्यावर कधी बोललो नाही. मी खाल्लेलं नाही आणि आता सुरुवात करायची नाही. माझ्या ताटात नको. इतकं सरळ बोलणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं, नेहमी एखादा टोमणा असतो.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पनीर फार वाढवता येत नाही, प्रथिनांच्या पावडरी हे उलटून टाकतात. अल्ब्युमिन चढलं नाही तर शरीर डायलिसिस सोसणार नाही, आणि मग साधा खोकलाही पुरेल, असं म्हणाले. मी त्यांच्यासमोर हसलो. का हसलो कळत नाही. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

किशमध्ये मी थोडा बदल केलाय. बेसन कमी केलं. आता ते सुरीने नीट कापलं जातं, कडा उभ्या राहतात, अगदी क्लासमधल्यासारख्या. काय बदललं ते विचारू नकोस. तू तसंही काही विचारत नाहीस. ज्या भांड्यात कालवतो ते मी स्कूटरच्या डिकीत ठेवतो आणि खिडक्या सगळ्या उघड्या.

शालनकाकूंचा ओव्हन परत द्यायला गेलो होतो. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, राहू दे रे, ठेव तुझ्याकडेच, मला काही तो आता लागायचा नाही. दार लावून घेतलं.

अप्पांनी आज दोन तुकडे खाल्ले. म्हणाले, आता तिचा हात बसला.

केदार


शनिवार पेठ
१३ एप्रिल

प्रिय कादंबरी,

आज लिहितो. काय व्हायचं ते होऊ दे.

तू माझी पत्रं वाचतेस. मला आता नक्की माहीत आहे.

अप्पांच्या मोबाइलवरून तुला फोन लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी पेपर वाचून झाल्यावर त्यांनी तो सरळ लावला. हल्ली ते पेपर वाचायला लागलेत, महापालिकेला नावं ठेवायला लागलेत, गॅलरीपर्यंत स्वतः चालत जातात. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. तुझा आवाज घरात आला आणि माझ्या हातातली चाळणी खाली पडली. ते तुला म्हणाले, तुझं पिठलं खाऊन मी सुधारलो बघ. मला वाटलं, आता संपलं. आणि तू म्हणालीस, "आवडतंय ना अप्पा? मग झालं."

तू मला सांभाळून घेतलंस. मला की त्यांना, या फंदात मी पडत नाही.

मग ते म्हणाले, त्या सेंटरवाल्या मुलीने अंडी खा म्हणून डोकं उठवलंय, तिला सांगितलं, आमच्या घरात एकजण अंड्याशिवाय फ्रान्स करते. तू हसलीस. किती महिन्यांनी ऐकलं. आणि आपणहून म्हणालीस, "तुमच्यात मी कधी अंडं घालेन का हो अप्पा? सुखाने खा."

त्यांनी फोन ठेवला. मी तिथेच उभा होतो.

कादंबरी, त्यात अंडं आहे. मार्चपासून आहे. प्रत्येक वेळी दोन अंड्यांचा पांढरा भाग, थोड्या बेसनाऐवजी. पिवळा मी पिशवीत बांधून दूरच्या कचरापेटीत टाकून येतो. त्यांचं अल्ब्युमिन चढलं ते त्यामुळेच, डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. तू आज शपथेवर सांगावं तसं जे सांगितलंस ते खोटं होतं, आणि तुला ते माहीत नव्हतं. मी तुझ्या नावाने पुन्हा काहीतरी केलं. हॉटेलला तुझ्या मेलवरून नकार पाठवला तो पहिला, हा दुसरा, असं तू म्हणशील. तेव्हा मी म्हणालो होतो की बंगळूरला एकटी जाऊन तुझे हाल होतील. आता म्हणतो की तो माणूस मेला असता. दोन्ही वेळा मला खरंच तसं वाटलं, यावर तरी विश्वास ठेव.

मी काय करायला हवं होतं ते सांग. तू त्यांना बघितलं नाहीस. मांडीवरून हात उचलून चष्म्यापर्यंत नेताना त्यांना धाप लागायची. त्यांचा शब्द राखला असता तर आज पेपर वाचायला ते उरले नसते. मला वडील हवेत. मला आणखी कोण आहे?

कळलं नाही तर त्यांचं काही बिघडत नाही. थोडे महिने गप्प राहा. अंगात ताकद आली की मी बेसनावर परत येईन आणि ही गोष्ट आपल्या दोघांत राहील. आपल्या दोघांत काहीतरी राहील.

तुझा
केदार


शनिवार पेठ
२० एप्रिल

कादंबरी,

सांगितलंस.

माझं पत्र पोचल्यावर किती वेळ विचार केलास? मी औषधं आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर अप्पा टेबलाशी बसलेले, समोर तो डबा, झाकण उघडं, आत कालचा तुकडा. फोन बाजूला. मला म्हणाले बस. मी बसलो.

म्हणाले, कादंबरीचा फोन होता. तिने काहीही पाठवलेलं नाही आणि त्यात अंडं आहे, असं ती म्हणते. तिने माझी माफी मागितली. तिने का मागावी ते मला कळलं नाही, पण रडत होती. मग मला विचारलं, किती दिवस? मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. बँकेत हिशेबातली चूक सापडल्यावर अशीच डोलावत असतील.

मी बोलायला लागलो. रिपोर्ट आणून दाखवला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, तुम्ही गॅलरीपर्यंत चालायला लागलात ते सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पोटात गेलं ते गेलं. त्याने मी मेलो नाही, उलट जगलो, हे मला दिसतंय. तिचं नाव का घातलंस?"

मी म्हणालो, दुसऱ्या कुणाच्या नावाने तुम्ही खाल्लं नसतं.

"बरोबर," म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, नीट, चारही बाजूंनी दाबून. मग म्हणाले, "आता तू ताटात काही वाढलंस की मला ते आधी तपासावं लागेल. आणि तपासायला मला डोळे राहिले नाहीत, केदार."

तेव्हापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. आरडाओरडा नाही, अबोला नाही. मी वाढतो, ते नको म्हणतात. सफरचंद खातात, स्वतः सोलून. अर्धं सफरचंद सालाबरोबर जातं. बिस्किटं खातात, पुडा न फोडलेला असला तर. गोळ्यांची पाकिटं भिंगाखाली धरून नाव वाचतात आणि मग गोळी काढतात. सेंटरवरून परत येताना रिक्षात माझा हात धरायचे, आता मधला दांडा धरतात.

तुझं नाव स्वच्छ झालं. अभिनंदन. खरं बोलल्यावर माणसाला झोप चांगली लागते म्हणतात, लागत असेल. माझ्या बापाच्या पोटात काय जातंय ते मात्र विचारू नकोस. तुला फक्त गप्प राहायचं होतं. तोंड उघडायचं नव्हतं, बस्स. त्यांच्या जिवापेक्षा तुला तुझा शब्द मोठा वाटला.

हे पत्र टाकू नये असं वाटतंय. टाकतो.

केदार


शनिवार पेठ
१८ मे

कादंबरी,

परवा दारातून निघताना तू म्हणालीस, केदार, आता मला पत्रं लिहू नकोस. हे शेवटचं. यात मागणं काही नाही. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, आणि सांगायला माझ्याखेरीज कुणी नाही.

मागच्या पत्राबद्दल बोलत नाही. तू तेही वाचलंच असशील, आणि तरी आलीस.

तू आलीस तेव्हा अप्पा किती खंगले होते ते तू पाहिलंसच. दार उघडल्यावर तू माझ्याकडे बघितलं नाहीस, किशची पिशवी सांभाळत आत गेलीस. मी स्वयंपाकघरात थांबलो, मला तिथेच जागा होती. त्यांनी तुला विचारलं, यात काय काय आहे? आणि तू एकेक सांगितलंस. मैदा. घरचं लोणी. चक्का. थोडी तांदळाची पिठी. बेसन, आधी कोरडं खमंग भाजून घेतलेलं. कोबी आणि दुधी, उकळून, पाणी काढून. मिरपूड. ते प्रत्येक नावाला हं म्हणत होते. फेब्रुवारीत मी ज्या चार ओळी मागितल्या होत्या, त्या मी अशा भिंतीआडून ऐकल्या. बेसन आधी भाजायचं असतं. एवढंच चुकत होतं. ते भाजलं असतं तर तेही बसलं असतं, कडा धरल्या असत्या, आणि मला दुसऱ्या कशाची गरजच पडली नसती, असं मी स्वतःला त्या दिवशी सांगून पाहिलं. खरं नाही ते. अंडं मी कडांसाठी घातलं नव्हतं.

त्यांनी दोन घास खाल्ले. तू डोळे पुसलेस ते मला दारातून दिसलं. मग त्यांना ठसका लागला. मी पाणी घेऊन धावत आलो. भांडं त्यांच्यापुढे धरलं. ते खोकत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तशातही त्यांनी हात पुढे केला नाही. त्यांनी आधी तुझ्याकडे बघितलं.

तू मान हलवलीस. मग ते प्याले.

तुझ्या लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. तू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतीस. मी भांडं घेऊन परत आत गेलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. सत्तेचाळीस वर्षं मी या माणसाचा मुलगा आहे. तू सोळा वर्षं त्यांची सून होतीस, त्यातलं शेवटचं तर कागदोपत्रीच.

काल सेंटरवर ते डॉक्टरांना म्हणाले की आता पुरे, मला सुई टोचू नका. मी बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरही माझ्याकडेच वळले होते, घरच्यांचं काय म्हणणं आहे म्हणून. अप्पांनी नकाराचा कागद मागून घेतला, भिंग काढलं, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं आणि स्वतःच्या हाताने सही केली. सही पूर्वीसारखीच, एक अक्षर हललं नाही. मग मला म्हणाले, "माझ्या नावाने तू आता कुणाशी बोलू नकोस." आवाज चढलेला नव्हता. डॉक्टरांनी मान खाली घातली. रिक्षात मी त्यांना खूप विनवलं, पाया पडतो म्हणालो. ते म्हणाले, दमलोय रे.

डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. पथ्य आता काही नाही. टोमॅटो द्या, लोणचं द्या, मागतील ते द्या. ते काही मागत नाहीत. तू आणलेलं किश फ्रीजमध्ये होतं, त्यातलं थोडं काल त्यांनी स्वतः उठून घेतलं. उरलेलं तिथेच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. लावला तर ते खाणार नाहीत.

तुला परत बोलवावं असं फार वाटतं. रोज येऊन त्यांच्याशेजारी बसावंस, मी देईन त्या प्रत्येक वस्तूला मान हलवावीस. हे मी कुणाकडेही मागू शकत नाही, तुझ्याकडे तर नाहीच. तुझे कागद सही करून वकिलांकडे दिले आहेत. मीच सही केली, माझ्या नावाची, माझ्या हाताने.

माझ्या हातचं पाणी एवढं एकच ते घेतात. मी त्यांच्या उशाशी तांब्या-भांडं ठेवतो. मी समोर असेपर्यंत ते त्याला हात लावत नाहीत, ओठ कोरडे पडलेले दिसत असतात तरी. म्हणून ठेवलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो, त्यांच्याकडे पाठ करून. थोड्या वेळाने आतून भांड्याचा आवाज येतो.

केदार